तोंडाबाहेर घडलेला दात

दाढ किडली की डॉक्टरांनी 'सिमेंट भरलं' असं आपण सर्रास म्हणतो. आपण खुर्चीत रेलून आ वासायचा, डॉक्टर पांढरट लगदा खड्ड्यात दाबतात, त्यावर निळा दिवा धरतात आणि थोड्याच वेळात तुम्ही जिना उतरत असता. तो लगदा खरं तर सिमेंट नसतो, त्याचं नाव कॉम्पोझिट. पण हाच पदार्थ कधी कधी तोंडात न भरता दादर-गिरगावातल्या एखाद्या माळ्यावरच्या लॅबमध्ये वापरला जातो. तिथे डॉक्टरांनी पाठवलेल्या मापावरून प्लास्टरची दाढ ओततात, तिच्यावर थर देत देत कॉम्पोझिटचा तुकडा घडवतात आणि तो तयार तुकडा डॉक्टर रुग्णाच्या दाढेवर चिकटवतात. अशाच एका लॅबमध्ये माझी तीसेक वर्षं गेली. 1948च्या दंतवैद्यक कायद्यात आमच्या जमातीचं नाव होतं 'डेंटल मेकॅनिक'.

जे काम तोंडात एका बैठकीत होतं त्यासाठी बाहेर एवढा खटाटोप कशाला, असं मला घरच्यांनीसुद्धा विचारलंय. त्याचं कारण म्हणजे हा पदार्थ घट्ट होताना आकसतो. या आकसण्याशी माणसं कशी झगडली, तीच आजची गोष्ट.

भरलेला दात दातासारखाच दिसावा, ही हौस जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यासाठी सिलिकेट नावाचं मिश्रण होतं. दिसायला बरं, पण लाळेत हळूहळू विरघळायचं. 1930च्या दशकात जर्मनीत अ‍ॅक्रिलिक आलं आणि कवळ्यांमधलं जुनं रबर मागे पडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तेच अ‍ॅक्रिलिक दातांत भरायला लागले, आणि तिथे पंचाईत झाली. नुसतं द्रव अ‍ॅक्रिलिक घट्ट होताना एक पंचमांश आकसतं. भुकटी मिसळून ते प्रमाण सहा-सात टक्क्यांवर येतं, तरी भरलेला भाग दातापासून सुटतोच. त्या फटीत लाळ शिरते, चहाचे डाग शिरतात आणि मागोमाग कीडही.

या कोंडीतून दोघांनी वाट काढली. पहिले मायकेल ब्युनोकोर. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरातल्या ईस्टमन डेंटल डिस्पेन्सरीत ते काम करत. रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत धातूच्या पृष्ठभागावर फॉस्फोरिक आम्लाचा प्रयोग करतात, हे त्यांना माहीत होतं. मग दातावर का नाही? दाताच्या वरच्या कठीण थराला त्यांनी अर्धा मिनिट आम्ल लावलं, धुतलं आणि अ‍ॅक्रिलिक लावलं. आम्लाने थर खरखरीत झाला होता, अ‍ॅक्रिलिक त्यात घट्ट रुतून बसलं. 1955 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. रंगाऱ्याची युक्ती दातांच्या कामी आली!

दुसरे राफेल बोवेन. कॅलिफोर्नियात शिकलेले दंतवैद्य, पुढे वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये संशोधक. आधी त्यांनी इपॉक्सी वापरून पाहिलं, पण ते घट्ट व्हायला फार वेळ घेई. मग त्यांनी एक नवंच रेझिन तयार केलं, बिस-जीएमए, आणि त्यात काचेसारख्या सिलिकाची बारीक भुकटी भरली. त्यांची खरी हुशारी मला पुढच्या पायरीत दिसते. भुकटीच्या प्रत्येक कणाला सिलेन नावाच्या रसायनाचा लेप दिला, म्हणजे कण आणि रेझिन एकमेकांना सोडणार नाहीत. बांधकामात वाळू-सिमेंटचं जे नातं, तेच इथे. 1962 साली त्यांना पेटंट मिळालं. आजही दवाखान्यांतल्या कितीतरी ट्यूबांमध्ये हेच रेझिन असतं.

आकसणं आता दोन-तीन टक्क्यांवर आलं. ऐकायला किरकोळ. पण आम्लामुळे पदार्थ दाताला चारी बाजूंनी घट्ट चिकटलेला असतो आणि आतल्या आत आकसतो. मग एक तर जोड सुटतो किंवा दाढेची भिंत आत ओढली जाते, आणि भाकरी चावताना सणक येते. पुढच्या दातांच्या लहान खड्ड्यांत निभावून जातं, मोठ्या दाढेत ते जाणवतं. म्हणून विचार असा झाला, की काय आकसायचंय ते बाहेर प्लास्टरवर आकसू दे. तोंडात मग फक्त चिकटवण्याचा पातळसा थर आकसेल.

1980च्या सुमारास युरोपातल्या कंपन्यांनी खास लॅबसाठी कॉम्पोझिट आणली. जर्मनीतल्या कुल्झरचं डेंटाकलर, लिख्टेनश्टाइनमधल्या इव्होक्लारचं आयसोसिट. आयसोसिट तर 120 अंशांवर, दाबाखाली शिजवायचं. म्हणजे कुकरच की! पण त्यांत भुकटी कमी असायची. तुकडे झिजत, रंग बदलत, टवके उडत. 1995-96मध्ये आर्टग्लास, टारगिस, बेलग्लास अशी दुसरी पिढी आली. यांत भुकटी भरपूर होती. बेलग्लास तर नायट्रोजनच्या दाबाखाली तापवायचे, कारण हवेतला ऑक्सिजन कॉम्पोझिटचा वरचा थर नीट घट्ट होऊ देत नाही. काहींना 'सेरोमर' असं भारदस्त नाव दिलं गेलं. सिरॅमिकशी सोयरीक दाखवायची, दुसरं काय.

आमच्या लॅबमध्ये असा संच 1997 साली आला. पहिल्याच दिवशी मी खिडकीपाशी बसलो आणि काचेवर काढून ठेवलेला लगदा काम संपायच्या आत कडक झाला. या पदार्थाला घट्ट करायला प्रकाश लागतो, आणि तो प्रकाश टिपणारं द्रव्य, कॅम्फरक्विनोन, हे कापराच्याच कुळातलं. निळा प्रकाश मिळाला की ते काम सुरू करतं, मग तो दिव्याचा असो की सूर्याचा. तेव्हापासून डबीवर नारिंगी झाकण आणि मी खिडकीकडे पाठ करून.

काम थरांचं. आधी गडद थर, मग दातासारखा पिवळसर, वर पारदर्शक. प्रत्येक थरावर प्रकाश. थरावर राहणारा चिकटपणा पुसायचा नाही, पुढचा थर त्यालाच धरतो. शेवटच्या थरावर मात्र हवा लागू नये म्हणून ग्लिसरीन लावायचं. मग ब्रशने झिलई.

त्याच वर्षी एक ऑनले आला. ऑनले म्हणजे दाढेचा चावायचा भाग झाकणारा तुकडा. समोरची दाढ मिटवून पाहिली, तर मधल्या खळगीत एक मिलिमीटरसुद्धा जागा नव्हती. निदान दीड हवी. डॉक्टरांनी दाढ कमी घासली होती. फोन समोर होता. पण मेकॅनिकने डॉक्टरांना सांगायचं, 'साहेब, पुन्हा घासा'? आमच्याकडे तशी पद्धत नव्हती. मी तुकडा पातळ केला, सुंदर झिलई दिली आणि पाठवून दिला. पाच महिन्यांनी तो दोन तुकड्यांत परत आला. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मटेरियल खराब'. मालकांनी कंपनीच्या माणसाला झापलं. तेव्हाही मी बोललो नाही. त्या रुग्णाचं नावही मला ठाऊक नव्हतं, चिठ्ठीवर फक्त दाढेचा नंबर आणि शेड होती, ए-3.

अख्ख्या कॅपसाठी त्या 'सेरोमर'नी दिलेली आश्वासनं फारशी टिकली नाहीत. चमक गेली, टवके उडाले आणि लॅबचं कॉम्पोझिट पुन्हा इनले-ऑनलेंपुरतं उरलं. आता कारखान्यात उष्णता देऊन आधीच घट्ट केलेल्या ठोकळ्यांतून यंत्र तुकडे कोरून काढतं. आकसणं कारखान्यातच उरकलेलं. 2011मध्ये थ्रीएमने लाव्हा अल्टिमेट नावाचा असाच रेझिनचा ठोकळा आणला. पण त्याच्या कॅपा अपेक्षेपेक्षा जास्त सुटू लागल्या, तेव्हा 2015 साली कंपनीनेच सांगितलं, कॅपसाठी वापरू नका, इनले-ऑनलेंसाठी चालेल. बातमी वाचली आणि मला 'सेरोमर'चे दिवस आठवले.

ते दोन तुकडे मी अजून एका औषधाच्या डबीत ठेवलेत. मध्यंतरी जुन्या लॅबमध्ये गेलो होतो. माझ्या जागेवर आता एक मुलगी बसते. पडद्यावरच्या दाढेवर एक जागा लाल दिसत होती. तिने मोबाइलवर फोटो काढला, डॉक्टरांना पाठवला आणि खाली लिहिलं, 'सर, इथे जागा कमी आहे. अर्धा मिलिमीटर अजून हवा.' मी चहा संपवेपर्यंत उत्तर आलं. पेशंटला गुरुवारी परत बोलावलं होतं.