मेहर कोणाचा? तौरातमधल्या दोन बहिणींची तक्रार

हजरत याकूब (अलै.) यांच्या लग्नाचा किस्सा कुरआनात नाही. तो तौरातच्या 'उत्पत्ति' या पहिल्या पुस्तकात, अध्याय 29 ते 31 मध्ये येतो. इस्राईली रिवायती वाचताना ज्या गोष्टीबद्दल कुरआन-हदीस गप्प आहेत तिची पुष्टीही करायची नाही आणि इन्कारही करायचा नाही, हा उलमांचा नेहमीचा कायदा. हा मजकूरही तसाच वाचावा.

भावाच्या रागापासून जीव वाचवत याकूब हारानला मामा लाबानकडे आले. मामाला दोन मुली, थोरली लेआ आणि धाकटी राहेल. याकूबांना राहेल पसंत, पण हात रिकामे. मग तिच्यासाठी सात वर्षं मामाकडे राबायचं ठरलं. मुदत भरली, जेवणावळ उठली आणि रात्री मामाने लेआला पाठवलं. सकाळी जाब विचारला तर म्हणे, थोरलीच्या आधी धाकटी द्यायची आमच्यात रीत नाही. (ही रीत सात वर्षांपूर्वी कशी आठवली नाही, ते मामाने सांगितलेलं नाही.) आठवड्याने राहेलही दिली, पण आणखी सात वर्षांच्या चाकरीवर. सख्ख्या बहिणी सवती झाल्या. पुढे तौरातच्याच कायद्याने (लेवीय 18:18) बायको हयात असताना तिच्या बहिणीशी लग्न करायला मनाई केली. सूरह निसाच्या 23 व्या आयतीतही दोन बहिणी एकत्र निकाहात ठेवण्याची मनाई आहे.

खरं भांडण पुढे आहे. हिब्रूतला 'मोहर' आणि अरबीतला 'महर' हे एकाच सामी घराण्यातले शब्द. पण मोहर जायचा मुलीच्या बापाकडे. वीस वर्षांनी याकूबांनी निघायचं ठरवलं, तेव्हा जन्मभर एकमेकींशी चढाओढ केलेल्या या बहिणी पहिल्यांदा एका सुरात बोलल्या: बापाने आम्हाला परक्यासारखं विकलं, आलेला पैसा खाऊन टाकला, आता त्या घरात आमचा वाटा तरी काय उरलाय? म्हणजे मोहर बापाच्या हातात पडला तरी त्यातलं काही मुलीकडे यायला हवं, ही अपेक्षा तेव्हाही होती. लाबानने दिलं काय, तर प्रत्येकीला एक दासी.

मामा पाठलाग करत गिलादच्या डोंगरात पोहोचला. शेवटी दगडांची रास रचून करार झाला. त्यात लाबानची अट अशी, की माझ्या मुलींना छळायचं नाही आणि त्यांच्यावर दुसऱ्या बायका करायच्या नाहीत. इजिप्तमधल्या एलिफंटाइन बेटावर इ.स.पू. पाचव्या शतकातले यहुदी लग्नाचे करार सापडले, त्यांतही दुसऱ्या बायकोविरुद्धचं कलम आहे. निकाहनाम्यात अटी लिहिणं ही काही आजची टूम नाही.

चाकरीच्या बदल्यात लग्न कुरआनातही आहे. मदयनच्या बुजुर्गांनी हजरत मूसा (अलै.) यांना आठ वर्षांची अट घातली, दहा केली तर त्यांची मर्जी (सूरह कसस, आयत 27). यावरून फिकहमध्ये बरीच चर्चा झाली. कोकणातले आपले शाफई लोक चाकरी मेहर म्हणून चालते असं मानतात. नवऱ्याने बायकोची चाकरी करणं हा मेहर हनफींना मान्य नाही. पण मेहर बापाचा नाही, बाईचा, यावर मतभेद नाही. सूरह निसाची चौथी आयत तो बायकांनाच द्यायला सांगते.

यहुदी रिवाजही पुढे बदलला. 'केतुबा' या लेखी करारात ठरलेली रक्कम तलाक किंवा नवऱ्याच्या मृत्यूनंतर बायकोला मिळू लागली. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या 'शनवार तेली' मंडळींच्या लग्नात हा केतुबा आजही वाचला जातो.