चिंधीचा ठोकळा आणि अंगणातली शाळा

शिवणकाम झाल्यावर उरलेल्या चिंध्यांचे काय करायचे, हे मराठवाड्यातल्या आजीला सांगावे लागत नाही. ती त्या गाठोड्यात बांधून ठेवते आणि उन्हाळ्यात वाकळ शिवायला काढते. त्यातल्याच चार चिंध्यांचा नातवासाठी चेंडू होतो, नातीसाठी बाहुली होते. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हा कापसाचा मुलूख. इथे मऊ खेळणे विकत आणण्याची वेळ फारशी कधी आलीच नाही. आपण मात्र त्याला 'पोरखेळ' म्हणून सोडून देतो. पण बालशिक्षणाचा इतिहास पाहिला, तर जगातल्या मोठमोठ्या शिक्षणतज्ज्ञांनी या पोरखेळापासूनच सुरुवात केलेली दिसते.

जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली ब्लँकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी खेळातून शिक्षणाचे काम सुरू केले. त्यातूनच पुढे 'किंडरगार्टन', म्हणजे बालोद्यान, हा शब्द जगभर गेला. फ्रोबेल यांनी मुलांसाठी क्रमवार साधने तयार केली होती. त्यातले पहिले साधन कोणते? लोकरीचे, सहा रंगांचे सहा मऊ चेंडू. लाकडी गोळा आणि घन त्यानंतर आले. आणि मग आठ छोट्या घनांत विभागलेला ठोकळा. आधी मऊ, मग कठीण. आधी हाताळणे, मग रचणे, असा हा क्रम होता.

पुढे १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांतला गुलाबी मनोरा प्रसिद्ध आहे. त्यात दहा घन असतात. सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. मोठ्यावर लहान असा क्रम चुकला की मनोरा नीट दिसत नाही, आणि ते मुलाला स्वतःलाच कळते. रागवायला बाईंची गरज पडत नाही.

हा विचार आपल्याकडे रुजवला तो गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. गिजुभाईंनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई तिथे त्यांच्या सहकारी झाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण ताराबाईंना एक प्रश्न छळत होता. ही महागडी साधने शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरतीच राहणार का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला त्या १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. बोर्डी आज पालघर जिल्ह्यात आहे.

तिथे बाजारातल्या साधनांच्या जागी शंखशिंपले, खडे, बिया, पाने आणि माती आली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा ताराबाईंनी शाळाच पाड्यावर, घरासमोरच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला सांभाळायचे म्हणून थोरल्या बहिणीची शाळा सुटू नये, यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली.

बोर्डीत हे घडत होते, तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात होती. १७ सप्टेंबर १९४८ ला ती सत्ता संपली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्राला नाव दिले अंगणवाडी. समुद्राकाठच्या एका पाड्यावरचा शब्द असा देशभर गेला. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, तोवर हा शब्द इथल्या गावागावांत घरचाच झाला होता.

शब्द आला, पण त्यामागचा विचार पुरता आला का? अंगणवाडी म्हणजे खिचडी, वजनकाटा आणि लसीकरण, एवढीच अनेकांची समजूत असते. पोटाला अन्न हवेच, त्याविषयी वाद नाही. मात्र तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण हे याच योजनेचे काम आहे. ते शिक्षण म्हणजे पाटीवर अक्षरे गिरवून घेणे नव्हे. मूल ठोकळ्यावर ठोकळा ठेवते, तेव्हा डोळा आणि हात जुळतात. 'वर', 'खाली', 'मोठा', 'लहान' हे शब्द अनुभवातून येतात. मनोरा कोसळला की ते हसते आणि पुन्हा रचायला घेते. चिकाटी याहून वेगळी काय असते? साधारण दीड वर्षाचे मूल दोन-तीन ठोकळे रचते, तीन वर्षांचे मूल तीन ठोकळ्यांचा पूल करू पाहते. अर्थात प्रत्येक मुलाची चाल वेगळी. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये.

मऊ ठोकळा घरीही होतो. जाड सुती कापडाचे, वीतभराहून थोडे लहान असे सहा सारखे चौकोन कापावेत. ते जोडून शिवावेत, एक बाजू उघडी ठेवावी. आत स्वच्छ कापूस किंवा चिंध्या दाबून भराव्यात आणि तोंड घट्ट टाके घालून बंद करावे. बटणे, मणी, टिकल्या लावू नयेत. मूल त्या तोंडात घालते. रंग जाणारे कापड घेऊ नये. अधूनमधून धुऊन कडक उन्हात वाळवावेत. असे आठ-दहा ठोकळे झाले, की डोक्यावर पडले तरी लागत नाही, पायाखाली आले तरी टोचत नाही.

मात्र ठोकळे देऊन मोठ्यांनी निघून जाऊ नये. आई शेतात निंदायला गेलेली असते, झोळीतले मूल आजीच्या किंवा थोरल्या बहिणीच्या हवाली असते. त्यांनी दिवसातला थोडा वेळ शेजारी बसावे, बोलावे, मुलाचा मनोरा पाहून 'अगं बाई, केवढा उंच!' म्हणावे. ताराबाईंनी शाळा अंगणात नेली, ती यासाठीच. अंगण आपले आहे, गाठोड्यात चिंध्याही आहेत. आता थोडा वेळ तेवढा काढायला हवा.