लिडल, सॅप आणि फ्लॅटमधला कॉलम



शनिवारी ज्या लिडलमधून आपण दही-बटाटे आणतो, त्या लिडलने एका सॉफ्टवेअरवर सुमारे ५० कोटी युरो घालवले आणि शेवटी काम सोडून दिलं. सॉफ्टवेअर सॅपचं, म्हणजे इथल्याच वाल्डॉर्फचं!

थोडं मागे जाऊ. १९७२ मध्ये आयबीएममधल्या पाच जणांनी नोकरी सोडून सॅप काढली. पहिलं गिऱ्हाईक ऑस्ट्रिंगेनची आयसीआयची नायलॉन फॅक्टरी. स्वतःचा कॉम्प्युटर नाही, म्हणून गिऱ्हाइकाच्याच मशीनवर काम. तोवर जो तो आपला प्रोग्राम वेगळा लिहून घ्यायचा. यांचं म्हणणं, हिशेब इथूनतिथून सारखाच, मग एकदाच लिहू आणि सगळ्यांना विकू. १९९२ मध्ये आर/३ आलं आणि पुढचं आपल्याला माहीतच आहे, आपल्यातल्या निम्म्यांची चूल त्यावर पेटते.

लिडलचं काम २०११ मध्ये सुरू झालं. प्रोजेक्टचं नाव एल्विस (गाणारा नव्हे). गोम अशी की लिडल गोदामातल्या मालाची किंमत खरेदीच्या भावाने धरायची आणि सॅपच्या रिटेल पॅकेजात ती विक्रीच्या भावाने धरलेली. वाटतं, त्यात काय, एक आकडा बदलायचा! पण साठा, नफा, रिपोर्ट, सगळं त्या आकड्यावर उभं. रेडिमेड फ्लॅट घेतला आणि हॉलच्या मधला कॉलम नको म्हटलं, तर वरचे मजले कुठे जाणार? लिडलने आपली पद्धत सोडली नाही, पॅकेजच बदलत गेले. ऑस्ट्रिया, अमेरिकेत ते चालूही झालं होतं. जुलै २०१८ मध्ये सगळं थांबवून जुन्या सिस्टीमकडे परत.

लिडलला हसणं सोपं आहे. मला नाही हसता येत. एका गिऱ्हाइकाकडे मीही "फक्त एक फील्ड" म्हणून स्टँडर्ड कोडला हात लावला होता. मग दुसरं, तिसरं. पुढच्या अपग्रेडला सगळंच कोसळलं, तीन वीकएंड ऑफिसात गेले, मुलीचा वाढदिवसही त्यातच.

शेवटी मी तिथल्या हिशेबाच्या बाईंना म्हटलं, तुमची पद्धतच बदला ना. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं आमचे हिशेब बरोबर येतायत. तुमचं पॅकेज आम्हाला का शिकवणार?"

मी कॉफी आणायला उठलो.