विटलेल्या कापडाची साक्ष

निळीने रंगविलेली जीन्स कशी विटते हे आपण रोज पाहतो. निळीच्या हौदातून काढलेल्या सुताच्या बाहेरच्या अंगावर रंग बसतो, गाभा पांढराच राहतो. वरचा थर झिजला की गुडघ्यावर आणि घड्यांवर पांढरेपणा डोकावतो. निळा रंग फिका होतो, पण निळाच राहतो. निळीविना रंगविलेल्या कापडाचे मात्र नेहमी तसे होत नाही. काही वेळा तेथे रंगाची जातच बदलते, आणि या पालटाने इतिहास वाचणाराही चकतो.

अमेरिकेच्या यादवी युद्धातील गणवेश हे याचे उत्तम उदाहरण होय. ‘जीन’ हे नाव इटलीतील जिनोआ बंदरावरून आले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेत या नावाने विकले जाणारे कापड बहुधा सुती ताण्याचे, लोकरी बाण्याचे, तिरप्या विणीचे आणि स्वस्त असे. गरीब शेतकरी ते वापरीत. मळेवाले आपल्या गुलामांसाठीही तेच घेत. १८६१ साली युद्ध पेटले. दक्षिणेच्या सरकारने आपल्या सैन्यासाठी राखी गणवेश ठरविला. परंतु त्याच वर्षीच्या एप्रिलात लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. परदेशी माल दुर्मिळ झाला, आणि हे गरिबांचे कापड सैनिकांच्या अंगावर चढले.

राखी छटेसाठी लॉगवूड या मध्य अमेरिकेतील झाडाचे लाकूड आणि हिराकस वापरीत. हा रंग उन्हाला टिकत नाही. काळसर रंगद्रव्य मोडते आणि मागे तपकिरी छटा उरते. छावणीत, उन्हापावसात महिनोन्‌महिने वापरलेला राखी डगला असा तपकिरी होई. काही कापड तर अक्रोडाच्याच कुळातील ‘बटरनट’ झाडाच्या सालीने मुळातच तपकिरी रंगविलेले असे. दक्षिणेच्या सैनिकांना ‘बटरनट’ हे टोपणनावच पडले.

मग आज संग्रहालयातील तपकिरी डगला पाहून काय समजावे? तो तसाच रंगविला होता, की राखीचा तपकिरी झाला? उत्तर दर्शनी बाजूवर नाही. शिवणीच्या आत, अस्तराखाली, जेथे ऊन पोहोचले नाही तेथे पाहावे लागते. काही डगल्यांत तेथे मूळचा राखी रंग अद्याप शाबूत आहे.

तथापि एक गोष्ट विसरू नये. सैनिकांचे डगले घराण्यांनी अभिमानाने जपले, म्हणून त्यांच्या शिवणी तपासता येतात. त्याच जातीचे कापड नेसून कापसाच्या मळ्यांत राबलेल्या गुलामांचे कपडे मात्र फारच थोडे उरले आहेत. ते अंगावरच झिजले, त्यांच्या चिंध्या झाल्या. ज्यांच्या दास्याच्या प्रश्नावरून ते युद्ध झाले, त्यांच्याच वस्त्रांची साक्ष आपणांस सर्वांत कमी मिळते. विटलेल्या कापडाची शिवण उसवून सत्य शोधता येते. जे कापड कोणी जपलेच नाही, त्याची शिवण कोठून आणावी?