'सिन्स १९३८' या पाटीवर काय लिहिलेलं नसतं

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून गाडीने फिरत, जुन्या नामांकित ठिकाणी खात जायचं, हा तिकडे एक लाडका बेत आहे. अलाबामातल्या मोबील शहरात 'विंट्झेल्स'मध्ये कालवं खायची. हे दुकान १९३८ मध्ये सहा स्टुलांवर सुरू झालं. न्यू ऑर्लिन्सला १९१९ पासूनचं 'कॅसामेंटोज' आहे, चार्ल्स्टनजवळ खाडीकाठचं 'बोवेन्स आयलंड' आहे, आणि वाटेत जागोजागी बार्बेक्यू. दारावर मोठ्या अभिमानाने लिहिलेलं असतं, 'सिन्स अमुक'. 'क्लासिक' ठरायला ते साल लागतंच.

आपण संशोधक म्हणून या पाटीकडे बघितलं, तर पहिला प्रश्न साधा आहे. त्या साली इथे बसून कोण खाऊ शकत होतं?

याचं उत्तर शोधायला दोन पुस्तकं फार उपयोगी पडतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही १९३६ सालचीच. पहिलं डंकन हाइन्स यांचं 'ॲडव्हेंचर्स इन गुड ईटिंग'. हाइन्स मूळचे केंटकीचे. शिकागोच्या एका छपाई कंपनीचे फिरते विक्रेते. रस्त्यावर सतत बाहेर खावं लागायचं, म्हणून त्यांनी चांगल्या ठिकाणांच्या नोंदी ठेवल्या. १९३५ च्या नाताळात त्यांनी मित्रांना १६७ ठिकाणांची यादी पाठवली आणि पुढच्याच वर्षी तिचं पुस्तक झालं. हॉटेलवाल्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत, चव आणि स्वच्छता बघायची, जमलं तर स्वयंपाकघरात डोकावायचं, ही त्यांची पद्धत. आज त्यांचं नाव केकच्या तयार पिठाच्या खोक्यावर दिसतं, ते त्या काळातल्या विश्वासापोटीच.

दुसरं पुस्तक व्हिक्टर ग्रीन यांचं. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणारे कृष्णवर्णीय पोस्टमन. त्यांचं 'ग्रीन बुक' आधी न्यूयॉर्क परिसरापुरतं होतं, मग देशभर पसरलं. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे जेवण मिळेल, कुठे झोपता येईल, कोणत्या गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त होईल, कुठे केस कापून मिळतील, याची ती यादी. महायुद्धाच्या काळातला खंड सोडला तर ते १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत निघत राहिलं. एक दिवस या पुस्तकाची गरजच उरणार नाही, अशी आशा त्याच्या प्रस्तावनेतच व्यक्त केलेली होती. स्वतःच बंद पडण्याची इच्छा धरणारं मार्गदर्शक पुस्तक मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

आता दोन्ही शेजारी ठेवून वाचा. हाइन्स जेवणाबद्दल सांगतात. कोणता पदार्थ मागवायचा, काय खास आहे वगैरे. ग्रीन बुकातल्या बहुतेक नोंदींत फक्त नाव आणि पत्ता असतो. चवीबद्दल एक अक्षर नाही. तिथे 'काय खावं' हा प्रश्नच नव्हता, 'बसू देतील का' हा होता. या प्रवाशांचं खरं खाणं तर कुठल्याच यादीत येत नाही. ते घरून बुटाच्या खोक्यात भरून घेतलेलं असायचं: तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, केक. शिदोरीच म्हणा. दक्षिणेतल्या रस्त्यावरच्या खाण्याचा इतिहास फक्त रेस्टॉरंटांवरून लिहिला, तर हे खोकं त्यातून गळतं.

इथे माझी पहिली चूक सांगते, कारण तुम्हीही ती कराल. ग्रीन बुकात नाव नाही, म्हणजे ते ठिकाण कृष्णवर्णीयांना बंद, असं मी धरून चालले होते. मी रसायनशास्त्रातून आलेली, त्यामुळे हे तरी मला आधी सुचायला हवं होतं! उपकरणाने शून्य दाखवलं म्हणजे नमुन्यात पदार्थ नाहीच असं होत नाही. तो डिटेक्शन लिमिटच्या खाली असू शकतो. ग्रीन यांच्याकडे माहिती यायची ती ओळखीच्या पोस्टमन मंडळींकडून आणि वाचकांच्या पत्रांतून. ज्या गल्लीतल्या खानावळीबद्दल कोणी पत्र लिहिलं नाही, ती त्यात नाही. म्हणजे दोन्ही पुस्तकं आपापल्या वाचकांपुरतीच बघतात.

म्हणून तिसरं साधन लागतं. बर्मिंगहॅम शहराच्या १९४४ च्या नियमसंग्रहात लिहिलं होतं की, गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना एकाच खोलीत जेवण द्यायचं असेल, तर मधे जमिनीपासून किमान सात फूट उंचीची भरीव भिंत हवी आणि रस्त्यावरून वेगळं दार हवं. सात फूट! याच शहरात 'ऑलीज बार्बेक्यू' होतं. भाजलेलं मांस आणि घरगुती पाय ही त्याची ख्याती, बसायला २२० जागा. कृष्णवर्णीयांनी मात्र पार्सल घेऊन जायचं, आत बसायचं नाही. हे १९२७ पासून चालू होतं.

२ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा झाला आणि मालक मॅक्लंग कुटुंब कोर्टात गेलं. म्हणणं असं की, आमचा धंदा गावातला, त्यात केंद्र सरकारचा संबंध काय? तुम्हाला वाटेल, कोर्टाने समतेवर भाष्य केलं असेल. पण प्रकरण फिरलं ते मांसाच्या हिशेबावर. कायद्याआधीच्या बारा महिन्यांत ऑलीजने स्थानिक बाजारातून सुमारे १,५०,००० डॉलरचं अन्न घेतलं. त्यातलं ६९,६८३ डॉलरचं, म्हणजे ४६ टक्के, मांस होतं आणि पुरवठादाराने ते दुसऱ्या राज्यातून आणलेलं होतं. म्हणजे हा आंतरराज्य व्यापार, आणि त्यावर संसदेचा अधिकार. १४ डिसेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मालकाविरुद्ध निकाल दिला.

असा द्राविडी प्राणायाम का? कारण १८८३ मध्ये याच न्यायालयाने ठरवलं होतं की, समतेची चौदावी घटनादुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खाजगी मालकांना नाही. आपल्या संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावंच घातली आहेत, त्यामुळे आपल्याकडे निदान कागदावर तरी हा वळसा लागत नाही.

पण त्या निकालात रस्ताही आहे. कृष्णवर्णीय कुटुंबाला प्रवास कसा आखावा लागतो, हे रॉय विल्किन्स यांनी १९६३ मध्ये सिनेटच्या समितीसमोर सांगितलं होतं: दिवसात किती मैल गाडी हाकायची, जेवायचं कुठे, मुलांना लघवीला न्यायचं कुठे. वाटेत खायला मिळत नाही म्हणून लोकांचा प्रवासच आखडतो, हा मुद्दा न्यायालयाने मान्य केला. बुटाच्या खोक्यातली शिदोरी अशी अप्रत्यक्षपणे पुराव्यात आली.

त्याच निकालपत्रात एक वाक्य चटकन वाचून पुढे गेलं जातं. ऑलीजमध्ये ३६ कर्मचारी होते आणि त्यातले दोन तृतीयांश कृष्णवर्णीय होते. म्हणजे जिथे बसून खाता येत नाही, तिथे काम करणारे बहुतेक तेच. निकालपत्रात त्यांचा आकडा आहे, नावं नाहीत. हाइन्स स्वयंपाकघरात डोकावायचे ते स्वच्छता बघायला. या माणसांना शोधायचं तर खाद्यपुस्तकं बाजूला ठेवून दक्षिणेतल्या शहरांच्या जुन्या नागरिक-सूच्या उघडाव्या लागतात. त्यांत कृष्णवर्णीयांच्या नावापुढे कंसात 'सी' हे अक्षर छापलेलं असायचं. अपमान म्हणून छापलेली ती खूण आज शोधाला उपयोगी पडते. अमेरिकेची १९५० ची जनगणनाही ७२ वर्षांचा नियम संपून एप्रिल २०२२ मध्ये खुली झाली आहे. तिच्यात नाव, वय, पत्ता आणि व्यवसायाच्या रकान्यात 'कुक' असं लिहिलेली माणसं सापडतात.