ओब्रायन : ब्रायनच्या नातवाचं आडनाव

क्विझमास्टर आणि खासदार डेरेक ओब्रायन यांच्यामुळे हे आडनाव आपल्या कानावरचं आहे. त्याचं मूळ आयर्लंडच्या नैऋत्येला, मन्स्टर प्रांतात. तिथला राजा ब्रायन बोरू 1002 साली साऱ्या आयर्लंडचा अधिराजा झाला. 23 एप्रिल 1014 रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, डब्लिनजवळ क्लॉनटार्फला लढाई झाली. ती त्याच्या सैन्याने जिंकली, पण म्हातारा ब्रायन मारला गेला. थोरला मुलगा आणि एक नातूही त्याच दिवशी पडले.

ब्रायन स्वतः मात्र ओब्रायन नव्हता. त्याची ओळख बापाच्या नावाने, म्हणजे ‘केनेडीचा मुलगा ब्रायन’. आयरिशमध्ये मुलगा तो ‘मॅक’, नातू तो ‘उआ’. या ‘उआ’चाच पुढे ‘ओ’ झाला. आपल्याकडे गावाला ‘कर’ जोडतात, तिथे पूर्वजालाच जोडून घेतलं. ब्रायनचा दुसरा एक नातू टर्लो पुढे मन्स्टरच्या गादीवर आला. तो ‘उआ ब्रिअन’, अक्षरशः ब्रायनचा नातू. त्याचा मुलगा मर्टा खरं तर पणतू, तरी तोही ‘उआ ब्रिअन’च म्हणवला गेला. माझ्या मते आडनाव जन्मलं ते इथे.

आडनावांची प्रथाच ब्रायनने हुकूम काढून पाडली, असं पुढे सांगितलं जाऊ लागलं. ते खरं नाही. ‘ओ क्लेरी’ हे आडनाव 916 सालच्या नोंदीतच सापडतं.

1543 साली या घराण्याच्या प्रमुखाने इंग्लंडच्या आठव्या हेन्रीपुढे मान तुकवली. ‘द ओब्रायन’ हे गादीचं बिरुद सोडलं आणि थोमंडचा अर्ल हा किताब घेतला. पुढच्या दोन शतकांत इंग्रजी अंमल पक्का झाला, तसा असंख्य आयरिश घरांनी नावातला ‘ओ’ गाळला. कित्येक ओब्रायन नुसते ब्रायन झाले. एका अक्षराने वंश उघडा पडत होता, आणि त्याची किंमत मोजावी लागत होती. गाळणाऱ्यांना भित्रं म्हणणं अन्याय होईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश भाषेची चळवळ उभी राहिली, 1893 साली गेलिक लीग स्थापन झाली, आणि पुष्कळांनी ‘ओ’ परत लावला.

आयरिशमध्ये बायकांना मात्र हा ‘ओ’ लागत नाही. मुलगी ‘नी व्रिअन’ होते आणि लग्न होऊन आलेली सून ‘ई व्रिअन’. आयरिश नाव लावणाऱ्या घरांत आजही हाच रिवाज आहे.