पाइपचा विस्तव

सिगारेटचें टोंक ज्योतीपुढें धरलें कीं ती पेटते. पाइपचें तसें नाहीं. त्याच्या वाटींत भरलेली तंबाखू वरून पेटवावी लागते. म्हणजे वर जाणें हाच जिचा धर्म, त्या ज्वाळेला खालीं वांकवावें लागतें. शिवाय पहिल्या झुरक्याबरोबर तंबाखू फुगून वर येते. ती दाबून पुनः पेटवावयाची, आणि मध्येंच विझली तर आणखी एकदां. पाइप ओढणारा विस्तवाच्या बाबतींत चोखंदळ असतो तो यामुळें.

शेंकडों वर्षें त्याला निवड अशी नव्हतीच. चुलींतील निखारा चिमट्यानें उचलावा, नाहींतर चकमक झाडावी. महाराष्ट्रांतील शेतकरीही चिलमीसाठीं चकमक, गारगोटी व कापूस जवळ बाळगीत असे. १८२३ सालीं जेना येथील रसायनशास्त्रज्ञ डोबरायनर यांनीं जस्त व गंधकाम्ल यांपासून निघणारा हायड्रोजन सच्छिद्र प्लॅटिनमवर सोडून ज्योत निर्माण केली. यंत्र नामी, पण मेजावर ठेवण्याचें. खिशांत आम्ल घेऊन कोण हिंडणार? चार वर्षांनीं इंग्लंडांतील स्टॉक्टन येथील जॉन वॉकर या औषधविक्रेत्यानें घांसून पेटणारी काडी विकावयास काढली, आणि प्रश्न सुटला.

तो कोणाच्या जिवावर सुटला, हें मात्र काडी ओढणाऱ्यास दिसत नव्हतें. कोठेंही घांसली तरी पेटावी म्हणून १८३० च्या सुमारास काडीच्या गुलांत पांढरा फॉस्फरस आला. त्याच्या वाफेनें कामगारांचे दांत दुखूं लागत, हिरड्या सडत, व शेवटीं जबड्याचें हाडच कुजे. १८८८ च्या जूनमध्यें लंडन येथील ब्रायंट अँड मे यांच्या कारखान्यांतील दंड व तुटपुंजी मजुरी यांवर ॲनी बेझंट यांनीं लेख लिहिला. १९१७ सालीं काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या त्याच या बाई. पुढच्याच महिन्यांत सुमारें १,४०० स्त्रिया व मुली काम सोडून बाहेर पडल्या. दंड रद्द झाले, आणि जेवावयास निराळी खोली मिळाली. फॉस्फरस पावावर बसूं नये, एवढ्यासाठीं ही लढाई! निरुपद्रवी तांबडा फॉस्फरस शतकाच्या मध्यापासून ठाऊक होता. स्वीडनमध्यें त्याच्या पेट्याही होत होत्या. त्या महाग पडत, एवढेंच. हिंदुस्थानांत पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांस कायद्यानें बंदी झाली ती १९१३ मध्यें.

लायटरचा जन्म गॅसबत्तीच्या कचऱ्यांतून झाला. बत्तीच्या मँटलसाठीं मोनाझाइट वाळूंतून थोरियम काढल्यावर सिरियमसारखे धातु वायां जात. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ आउअर फॉन वेल्सबाख यांनीं त्यांत लोखंड मिसळलें. हा मिश्रधातु खरडतांच ठिणग्या उडत. १९०३ सालीं त्यांनीं त्याचें पेटंट घेतलें. दुकानदार त्याला लायटरचा दगड म्हणतात, पण तो दगड नव्हे. चकमकीचाच क्रम येथें उलटला आहे: पूर्वीं गारगोटी पोलादाला खरडी, आतां पोलादाचें चाक या धातूला खरडतें. ठिणगी दोन्हीकडे जळत्या धातूचीच.

पण हे लायटर घडले ते सिगारेटसाठीं. ज्योत सरळ वर. पाइपवर धरावयाचा तर लायटर आडवा करावा आणि बोटें भाजून घ्यावीं. तेलाचा वासही पहिल्या झुरक्यांत उतरे. अमेरिकेंतील ब्रॅडफर्ड गांवीं १९३३ पासून होऊं लागलेल्या झिप्पोनें वाऱ्याचा बंदोबस्त केला. पुढें त्याच्या पाइपसाठींच्या प्रकारांत वातीभोंवतालच्या पत्र्याला गोल भोंक आलें. तें वाटीवर टेकवून झुरका घेतला कीं ज्योत आंत ओढली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्यूटेन वायूचे लायटर आले. त्यांचा वास तंबाखूंत उतरत नाहीं, आणि पाइपसाठीं केलेल्या लायटरांत ज्योत आडवी निघते. मात्र ती मऊ, पिवळी असावी. निळ्या झोतानें ब्रायर लांकडाची कड करपते.

इतकें असूनही पुष्कळ जुने शौकीन साधी लांकडी काडीच पसंत करतात. पेटीवर ती घांसून गूल पुरतें जळून जाईपर्यंत थांबतात, नाहींतर गंधकाचा वास तंबाखूंत उतरतो. मग ज्योत वाटीवरून सावकाश फिरवितात.